मागचं दार

माझ्या पहिल्या नोकरीतलं एक कुलूप मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. पितळी, मुठीत मावेल एवढं. ते मी स्वतःच्या हाताने लावलं नव्हतं, पण लावायला मीच सांगितलं होतं, आणि त्याचा फोटो काढून रिपोर्टला मीच जोडला होता.

एमआयडीसीतलं फरसाण आणि वेफर्सचं युनिट होतं, दोन शिफ्ट मिळून चाळीस-पंचेचाळीस माणसं, आणि मी फूड टेक्नॉलॉजी करून नुकतीच क्वालिटीला लागलेली. तळणीच्या मागच्या बाजूला एक लोखंडी दार होतं. बेसनाच्या गोण्या, तेलाचे डबे तिथून आत यायचे आणि फ्रायरवरची पोरं ते दार दिवसभर उघडं टाकायची. का टाकायची ते मे महिन्यात त्या तेलासमोर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. पण पावसाळा लागला की बाहेरच्या गटारावरून माश्या थेट आत. त्या जुलैत एका मोठ्या गिऱ्हाईकाचा ऑडिटर आला, त्याने दार बंद करायला लावलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, मॅडम, खालून उजेड दिसतोय, जिथून उजेड येतो तिथून उंदीर येतो. झालं, एनसी लागली. एनसी म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, सात दिवसांत काय केलं ते पुराव्यासकट कळवायचं नाहीतर ऑर्डर थांबते.

आम्ही दाराखाली रबराची पट्टी मारली, आणि पोरांनी परत उघडू नये म्हणून कडी घालून कुलूप लावलं. किल्ली स्टोअर सुपरवायझरच्या खिशात. तो रात्रपाळीला नसायचा. हे मला तेव्हा माहीत होतं, नव्हतं असं नाही, फक्त त्याचा आणि कुलपाचा काही संबंध आहे हे डोक्यातच आलं नाही. मी फोटो काढला, मेल पाठवला, एनसी बंद झाली, मालकांनी कौतुक केलं, मी घरी आईला फोन करून सांगितलं.

काही झालं नाही, हे आधीच सांगते. मी होते तोवर ते दार कुलपातच होतं, त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर उकळतं तेल होतं, आणि काही झालं नाही. पण पुढच्या नोकरीत सेफ्टीच्या एका ट्रेनिंगमध्ये हॅम्लेटची गोष्ट ऐकली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

हॅम्लेट हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं छोटं गाव. तिथे इम्पीरियल फूड प्रॉडक्ट्स नावाचा कारखाना होता, हॉटेलांसाठी कोंबडीचे तळलेले तुकडे बनवायचा. ३ सप्टेंबर १९९१, सकाळची वेळ, आत नव्वदच्या आसपास माणसं. कन्व्हेयरच्या हायड्रॉलिक तेलाचा पाइप सुटला, तेलाचा फवारा फ्रायरखालच्या गॅसच्या ज्वाळेवर गेला आणि काही मिनिटांत सगळी इमारत काळ्या धुराने भरली. स्प्रिंकलर नव्हते. माणसं दारांकडे धावली आणि दारं बंद होती, बाहेरून. २५ माणसं गेली, पन्नासच्यावर जखमी झाली, बहुतेक जण भाजून नाही, तर धुराने गुदमरून गेले. एका दारावर आतून मारलेल्या लाथांच्या खुणा नंतर सापडल्या.

दारं का बंद होती? दोन कारणं पुढे आली. एक म्हणजे कामगार कोंबडी चोरून नेतात हा मालकाचा संशय. आणि दुसरं, माश्या. उघड्या दारातून माश्या येतात म्हणून अन्न निरीक्षकांची तक्रार होती. माश्या. हे ऐकलं तेव्हा मी वहीत काहीतरी लिहीत होते, पेन तसंच राहिलं हातात.

आता यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगते. तो कारखाना ११ वर्षं चालू होता आणि त्या ११ वर्षांत कामगार सुरक्षेचा एकही निरीक्षक तिथे एकदाही आला नव्हता. पण अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक तिथे येत होता, कारण मांस-कोंबडीच्या प्रक्रियेवर सरकारी माणसाची रोजच्या रोज नजर पाहिजे असा तिथला कायदाच आहे. म्हणजे सरकार त्या इमारतीत रोज येत होतं. कोंबडी बघत होतं, तापमान बघत होतं, माशी बघत होतं. दार त्याच्या डोळ्यांसमोर होतं, पण त्याच्या कागदावर दाराचा एकच अर्थ होता, की इथून घाण आत येते. इथून माणूस बाहेर जातो हा अर्थ दुसऱ्या खात्याच्या कागदावर होता आणि ते खातं आलंच नाही. मालकाला जवळजवळ वीस वर्षांची शिक्षा झाली, त्यातली थोडीच भोगून तो सुटला. १९९४ मध्ये दोन्ही खात्यांनी करार केला, की अन्न निरीक्षकांना कामगारांचे धोके ओळखायचं ट्रेनिंग द्यायचं आणि गंभीर काही दिसलं तर दुसऱ्या खात्याला कळवायचं. कळवायचं, एवढंच. त्यासाठी २५ माणसं.

तेव्हापासून मी हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले. कामाचा भाग म्हणून नाही, त्या कुलपामुळे.

आपल्याकडे खाण्याच्या बाजूला २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आहे, त्याचे नियम २०११ पासून लागू झाले, त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. जुना कायदा मुख्यतः भेसळ पकडायचा, म्हणजे नमुना घ्या, लॅबला पाठवा, कोर्टात जा. नव्या कायद्याने विचार बदलला, की पदार्थ बिघडल्यावर पकडण्यापेक्षा तो बनतो ती जागा, भांडी, पाणी, हात आधीच बघा. त्या २०११ च्या नियमांचं परिशिष्ट चार आम्हा क्वालिटीवाल्यांना पाठच असतं, भिंती कशा, नाली कशी, जाळ्या कुठे, नखं केवढी. आणि या कायद्याचं मला खरंच आवडतं ते हे, की तो डोकी मोजत नाही. वडापावची गाडी असो, घरातून डबे देणाऱ्या काकू असोत, त्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यालाही १०० रुपये भरून नोंदणी करायची होती. एकटा माणूस असला तरी तो कायद्याला दिसतो.

कामाच्या बाजूचा कायदा आधी डोकी मोजतो. १९४८ चा कारखाने अधिनियम वीज वापरत असाल तर १० कामगार आणि नसाल तर २० झाल्यावर सुरू व्हायचा. नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यात कारखान्याची व्याख्याच २० आणि ४० वर गेली. हिशेब मांडून बघा. एका गाळ्यात आठ माणसं शेव पाडतायत. त्या शेवेच्या पाकिटावर अन्न कायद्याच्या नोंदणीचा चौदा आकडी नंबर लागतो, ती खाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या बाजूने सरकार उभं आहे. शेव पाडणाऱ्या आठ जणांना मात्र हा कायदा ओळखत नाही, कारण ते आठच आहेत. उकळत्या तेलाला काय माहीत समोर किती जण आहेत.

(अपघात झाला तर भरपाईचा १९२३ चा कायदा होता, तो आता नवीन संहितेत गेलाय, आणि तो इतका आकड्यावर अडत नाही, हे मला माहीत आहे. पण तो हात भाजल्यानंतर येतो. मी हात भाजायच्या आधीचं बोलतेय.)

हातावरून आठवलं. आमच्याकडे फ्रायरवर एक मुलगा होता, सगळे त्याला पैलवान म्हणायचे. एकदा वेफरच्या स्लायसरमध्ये बटाटा अडकला, त्याने मशीन बंद न करताच बोट घातलं, ग्लोव्हसकट कापलं. मी पळत गेले तर तो नळाखाली हात धरून उभा, पाणी लाल, आणि मला बघून त्याचं पहिलं वाक्य, "मॅडम, बॅच होल्ड करायची ना?"

मी म्हटलं, हो, आधी ती बाजूला घे.

आधी ती बाजूला घे. हे मी म्हटलं. मग ग्लोव्हचा तुटलेला तुकडा शोधला, ब्लेड मोजली, अठरा किलो काप फेकून दिले, मशीन धुऊन घेतलं, फॉर्म भरला. वेळ, बॅच नंबर, किती माल, विल्हेवाट कशी लावली, सही. त्या फॉर्ममध्ये माणसासाठी रकानाच नव्हता. त्याला ईएसआयच्या दवाखान्यात तीन टाके पडले, पण ते कुठल्याच कागदावर माझ्या हातून लिहिले गेले नाहीत, कारण माझं खातं बॅचचं होतं. स्लायसरला गार्ड का नव्हतं, मशीन चालू असताना बोट जाऊच कसं शकतं, हा प्रश्न मी विचारला नाही. खरंतर आमच्या धंद्यात याच प्रश्नासाठी हॅसॅप नावाची अख्खी पद्धत आहे, धोका कुठे येऊ शकतो ते आधी शोधा, कुठल्या टप्प्यावर अडवायचा ते ठरवा, मोजा, लिहून ठेवा. ती १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणासाठी तयार झाली आणि मी त्यात पक्की होते. पण ती मी बटाट्यासाठी वापरत होते, बोटासाठी वापरावी असं कुणी शिकवलं नव्हतं.

तीन दिवसांनी तो कामावर आला तेव्हा बोटाला निळी पट्टी. खाद्य कारखान्यात बँडेज निळंच असतं, कारण खाण्याच्या पदार्थात निळा रंग सहसा नसतो, ते गळून मालात पडलं तर पटकन दिसावं. कित्येक पट्ट्यांमध्ये धातूचा बारीक पत्रा असतो, मेटल डिटेक्टरला सापडावी म्हणून. किती विचार केलाय बघा त्या एवढ्याशा पट्टीमागे, आणि तो सगळा बरोबरच आहे, मी आजही निळीच पट्टी वापरायला लावते. फक्त त्यातला किती विचार जखमेसाठी आहे हे एकदा कुणीतरी बघावं.

वर्षातून एकदा मेडिकल व्हायचं तेही असंच. डॉक्टर येणार, नखं, कातडी, डोळे बघणार, टायफॉइडची लस झाली का विचारणार आणि सर्टिफिकेटवर सही करणार, की या माणसाला संसर्गजन्य रोग नाही. आमच्या पॅकिंगच्या मावशी बारा तास उभ्या असायच्या, त्यातल्या एकीचे गुडघे इतके सुजलेले असायचे की जिना उतरताना ती आडवी उतरायची. तिने डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, मावशी, ते यात येत नाही. त्यांचंही चूक नव्हतं, फॉर्ममध्ये खरंच येत नव्हतं. त्या फॉर्मला ती मावशी फक्त एका अर्थाने माहीत होती, की तिच्याकडून दुसऱ्याला काही लागेल का. तिला कशाने काय लागलं हे दुसरा फॉर्म विचारतो. नवीन संहितेनंतर चाळिशीच्या पुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करायची आहे, ती खरोखर झाली तर मला फार आनंद होईल. त्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म एकदमच आणावेत.

असं का झालं असेल यावर मी खूप विचार केलाय. खाणारा माणूस स्वयंपाकघर बघू शकत नाही, त्याला आत काय चाललंय कळायचा मार्गच नाही, म्हणून त्याच्या वतीने सरकारने बघायचं, हे अगदी पटतं. आणि कामगाराबद्दल जुनी समजूत अशी, की तो तर आतच आहे, त्याला धोका दिसतोय, दिसत असून काम करतोय म्हणजे त्याने तो पत्करलाय. ही समजूत किती जुनी आहे बघा. १८३५ मध्ये इंग्लंडात एका खाटकाचा नोकर माल घेऊन निघाला होता, गाडीत मटण प्रमाणाबाहेर भरलं होतं, गाडी मोडली, त्याची मांडी मोडली. त्याने मालकावर दावा लावला, प्रीस्टली विरुद्ध फाउलर. वरच्या कोर्टाने १८३७ मध्ये मालकाच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात म्हटलं की गाडी पेलेल की नाही हे मालकाइतकंच, कदाचित जास्तच, नोकराला कळायला पाहिजे होतं. पुढे कितीतरी वर्षं कामगारांचे दावे या निकालावर आपटून पडले.

आणि १९०६ ची गोष्ट तर आमच्या शिक्षणात पहिल्याच वर्षी असते. अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या मांस कारखान्यांवर कादंबरी लिहिली, कामगारांचे काय हाल आहेत ते जगाला कळावं म्हणून. लोकांनी वाचली, आणि आपण काय खातोय या विचारानेच हादरले. त्याच वर्षी ३० जूनला मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन्ही कायदे सहीसकट तयार. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं त्या कामगारांना देशभराचा सुरक्षा कायदा मिळायला १९७० उजाडलं. चौसष्ट वर्षं. वर्गात आम्हाला हे अन्न कायद्याचा विजय म्हणून शिकवलं, बाकीचं मी नंतर वाचलं.

आपल्याकडचे आकडे बघितले तरी तेच. खाऊन माणूस मेला तर २००६ च्या कायद्याप्रमाणे त्याच्या घरच्यांना निदान पाच लाख भरपाई, शिवाय शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. जुन्या कारखाने अधिनियमात नियम मोडल्यामुळे कामगार मेला तर जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि दंड निदान पंचवीस हजार होता, तोही सरकारजमा. भरपाई वेगळ्या कायद्याने वेगळी मागायची. नवीन संहितेत दंड निदान पाच लाख झालाय आणि त्यातला निम्मा तरी घरच्यांना द्यायला कोर्ट सांगू शकतं, ही चांगली गोष्ट झाली, उशिरा झाली. कैद मात्र दोन वर्षांच्या वर गेली नाही.

१८ डिसेंबर २०१७ ला पहाटे मुंबईत साकीनाक्याला खैरानी रोडवर एका फरसाणच्या दुकानाला आग लागली. १२ कामगार गेले, कामाच्याच जागी झोपलेले. फरसाण. मी पेपर हातात घेऊन कितीतरी वेळ बसून होते, कारण आत काय काय असतं ते मला माहीत होतं, तेल, बेसन, गॅस, रिकाम्या गोण्या, आणि या सगळ्याच्या मधे अंथरलेली सतरंजी. अकरा दिवसांनी कमला मिलला रूफटॉप रेस्टॉरंटमध्ये आग लागली, १४ जण गेले. त्याबद्दल महिनोन्‌महिने बोललं गेलं, बोललं जायलाच हवं होतं. साकीनाक्याबद्दल तोवर लोक बोलायचे थांबले होते.

परिशिष्ट चारमध्ये एक ओळ आहे, की माल बनवायच्या जागेतून राहत्या जागेत थेट वाट नसावी. अन्न स्वच्छ राहावं म्हणूनच आहे ती. पण ती ओळ कुणी नीट पाळली आणि माणसांना झोपायला दुसरी जागा दिली तर तीच ओळ जीव वाचवते. म्हणून म्हणते, दोन कायद्यांचं भांडण असायलाच पाहिजे असं काही नाही, बऱ्याचदा दोघं एकाच गोष्टीवर बोट ठेवत असतात, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत. महाराष्ट्रात अन्न बघायला एफडीए, कारखान्याची सुरक्षा बघायला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, खाती वेगळी, तारखा वेगळ्या, रजिस्टरं वेगळी. इंग्लंडमध्ये निदान हॉटेलांच्या बाबतीत नगरपालिकेचा एकच अधिकारी दोन्ही बघू शकतो, किचनची स्वच्छता आणि तिथल्या माणसांची सुरक्षा. मला ही कल्पना फार आवडली. पण तिथेही दुकानाच्या दारावर शून्य ते पाच आकड्याचा जो स्टिकर लागतो, वेल्समध्ये तर २०१३ पासून लावावाच लागतो, तो स्वच्छतेचा. आतल्या माणसाला पळायला वाट आहे का याचा स्टिकर मी अजून कुठे पाहिला नाही.

आणि दाराचं म्हणाल तर उत्तर इतकं साधं आहे की राग येतो. १९४८ च्या मूळ कायद्यातच लिहिलं होतं, आत माणूस असेपर्यंत दार असं बंद करायचं नाही की आतून पटकन उघडता येणार नाही, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. म्हणजे बंद ठेवायला कुणाची ना नव्हतीच, कुलपाला होती. दाराला आतून आडवा पुश-बार बसवायचा, कोपराने ढकललं तरी उघडतो, बाहेरून उघडत नाही. उघडलं की अलार्म वाजतो, म्हणजे उगाच कुणी उघडत नाही. वर आपोआप बंद व्हायचा क्लोजर, खाली रबराची पट्टी, वाऱ्यासाठी वेगळा एक्झॉस्ट. माशी बाहेर, माणूस मोकळा. आता मी जिथे जाते तिथे हे पहिल्या आठवड्यात बघते, आणि अपघाताच्या फॉर्ममध्ये बॅच नंबरच्या वर माणसाच्या नावाचा रकाना टाकून घेते. वर. एका ठिकाणी मॅनेजर म्हणाले, मॅडम हे तुमच्या स्कोपमध्ये येत नाही. मी म्हटलं, दार येतं ना, मग दोन्ही बाजूंनी येतं.

मागच्या दिवाळीत गावाकडे जाताना रस्त्याला पैलवान भेटला. वडापावची स्वतःची गाडी टाकलीय, एकदम नीटनेटकी, पिण्याच्या पाण्याला नळाचा जार, झाकणाचा कचरा डबा, डोक्याला टोपी. काचेच्या आत नोंदणीचा कागद लॅमिनेट करून लावलेला, चौदा आकड्यांचा. मला बघून एवढा खूश झाला, म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखं सगळं करतो, नखं रोज बघतो." पैसे घेईना. वडा द्यायला हात पुढे केला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत डाग दिसले, काही जुने काळपट, दोन अजून गुलाबी.

मी विचारलं, हे रे?

"तेल उडतं," म्हणाला, आणि पुढचा घाणा टाकायला वळला. मी तिथेच पर्समधून निळ्या पट्ट्यांचं पाकीट काढलं, सवयीने जवळ असतंच, आणि मग ते परत ठेवून मेडिकल कुठे आहे ते विचारत चौकाकडे गेले, बर्नॉल आणि कोपरापर्यंत येतील असे जाड हातमोजे मिळतात का बघायला. बर्नॉल मिळालं.